तानाबाईच्या दगडावरच्या टाइल्स

मारोतराव मेश्रामांनी छत्तीस वर्षं रेल्वेत एकच काम केलं. उभ्या गाडीच्या कडेनं चालायचं, प्रत्येक चाकावर हातोडी मारायची आणि तडा असला तर आवाजावरून ओळखायचा. निवृत्तीनंतर तो कान रायपूरच्या बाजारात टरबुजांच्या कामी आला. रागावणं काही त्यांना जमत नसे. ऐंशी डब्यांच्या मालगाडीची सगळी चाकं ऐकायची म्हणजे डोकं थंडच लागतं.

दर ऑगस्टात एकदा ते मिशनच्या जुन्या आवारातल्या दगडापाशी जात. कधीकाळी पटकीच्या साथीत प्रोटेस्टंट मिशनच्या दवाखान्यातली नऊ माणसं रोग्यांचं करता करता गेली. मिशननं त्यांची नावं दगडात कोरली. सगळ्यांत वर गोरा डॉक्टर, सगळ्यांत खाली ‘तानाबाई, दाई’. ही मारोतरावांची आजी, भंडाऱ्याकडून पोटासाठी आलेली. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, तरी मिशनच्या साहेबांनी तिला ओळीत घेतलं. तिचा फोटो नाही, कागद नाही. साऱ्या जगात तिचं नाव या एकाच जागी होतं. मारोतरावांच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, ते खालच्या ओळीवरून बोट फिरवत आणि मुलाला म्हणत, “हे पाह्य, तुही आजी.” पुढं घर बौद्ध झालं, पण नेम मोडला नाही. सोबत मेणबत्ती असे. मेणबत्तीला कोणत्याच धर्माची हरकत नसते.

यंदा नात दीक्षा त्यांना स्कूटीवर घेऊन आली. फाटकावर फ्लेक्स होता: जीर्णोद्धार समितीच्या अध्यक्षांचे जोडलेले हात आणि माणसाहून मोठा चेहरा. मूर्ती आणि तसबिरी नाकारत जो पंथ वेगळा निघाला, त्याच्या स्मारकात एवढी एकच तसबीर होती.

दगड मात्र दिसेना. दगडाच्या जागी चकचकीत बदामी टाइल्स होत्या, न्हाणीघरात असतात तशा. वर काळी पाटी. तीत उद्घाटकांचं नाव मोठं, अध्यक्षांचं त्याहून मोठं, मग गोऱ्या डॉक्टरचं आणि शेवटी ‘एवं अन्य सेवक’.

मारोतरावांनी पाटी दोनदा वाचली.

तेवढ्यात समितीचा सचिव निरंजन मसीह हसत पुढं आला. “देखिए अंकल, कितना सुंदर हो गया! पहले कबूतर बैठते थे.”

“नावं कुठं हायेत?”

“अंदर हैं न. सेफ हैं.”

“आत?” मारोतरावांचा आवाज चढला. दीक्षानं दचकून पाहिलं. तिनं हा आवाज जन्मात ऐकला नव्हता. “बायबल वाचता यावं म्हणून गावोगाव शाळा काढणारे लोक तुमी! अन् कोरलेली अक्षरं न्हाणीवानी झाकून ठेवली?”

“अंकल, आठ-नौ नाम कौन पढ़ता है? इसलिए अन्य लिख दिया.”

“माही आजी अन्य? हागवणीचे लुगडे तिनं धुतले, अन् अन्य? मिशनच्या गोऱ्या साहेबानं तिले नावानं लिवलं. तुमी तं आपलेच लोक न भाऊ! तुमाले काहून जड झालं?”

निरंजन मग हळूच म्हणाला, “मिस्त्री ने सिमेंट की पकड़ के लिए पत्थर पर छेनी चलाई थी, अंकल. मैंने देखा नहीं, कहाँ-कहाँ.”

म्हणजे नाव आत आहे की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. मारोतराव गुडघ्यांवर बसले आणि बोटाच्या पेरानं एकेक टाइल वाजवू लागले. वरच्या भरीव वाजल्या. खालच्या ओळीतली डावीकडची पोकळ वाजली. तिथं सिमेंट पोचलं नव्हतं.

“पोट्टे, डिक्कीतला पेचकस आण.”

“आजोबा, पुलिस आ जाएगी!”

“येऊ दे. त्याईले तरी वाचता येत असन.”

दीक्षानं पेचकस आणला. निरंजन दोनदा ‘अरे अरे’ म्हणाला, पण हात धरायला पुढं आला नाही. टाइल कडेनं उचकटली आणि सबंध निघून हातात आली. आत धूळ होती. मारोतरावांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली. ‘दाई’ या शब्दावर छिन्नीचा टोचा बसून तो अर्धा उडाला होता. ‘तानाबाई’ शाबूत होतं.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. दीक्षाही शेजारी टेकली. “यही हैं?” तिनं विचारलं आणि आपलं बोट त्यांच्या बोटामागून फिरवलं.

निरंजन जवळ आला. “अब टाइल वापस लगा दें, अंकल? इतवार को बाहर से मेहमान आ रहे हैं.”

मारोतराव उठले. टाइल त्यांनी काखेत मारली आणि स्कूटीवर बसले.

“अंकल, टाइल तो देते जाइए!”

“डॉक्टर साहेबाचं नाव तुमी लावलंच हाय,” मारोतराव म्हणाले. “आजी भेटली. अजून सात जनं आत हायेत. उद्या सकाळी येतो.”