कफिलाची बाई

इथे आखातात, जाब्रियातल्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, तिथे तिला पाय मोडलेल्या अवस्थेत आणलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिने उडी मारली होती. सारखी "माय गं" करत होती, म्हणून मला, मराठी नर्सला, बोलावलं.

ती बीडकडची, विधवा. आठवीतली लेक सासूजवळ ठेवून घरकामाला आलेली. तिचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तिचा व्हिसा होता तो माणूस. त्याने पासपोर्ट आणि फोन काढून घेतला, मग तिला स्वतःच्या बहिणीकडे कामाला पाठवलं. बहिणीने पुढे आणखी कुणाकडे.

"शेळीवानी, ताई. ज्याच्या दावणीला बांधलं, त्याचं काम करायचं."

दार बाहेरून बंद असायचं. वर्षभराहून जास्त काळ तिला घरी फोन करता आला नव्हता.

हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिचं बोलणं मी हिंदीत सांगायचे, कोर्टाचा दुभाषी ते अरबीत करायचा. कफील ठासून म्हणाला, "बाई माझी आहे. मी खर्च करून आणली, ती पळाली."

न्यायाधीशांनी तिला साधंच विचारलं, "तू कुणाच्या घरी काम करत होतीस?"

ती म्हणाली,

"म्हाईत न्हाई. मला कुणी त्यांचं नाव सांगितलंच न्हाई."

मी ते हिंदीत सांगितलं. दुभाषी अरबीत बोलला.

निकाल तिच्या बाजूने लागला. पासपोर्ट परत मिळाला, घरी जायची मोकळीक मिळाली. मी तिला अबू हलीफाला माझ्या घरी आणलं, जेवायला वाढलं. पण तिला आधी फोन हवा होता.

सासूने उचलला. "जित्ती हाईस व्हय गं? आम्ही समजलो, मेलीस."

"लेकीला द्या की."

"तिचं लगीन लावून दिलं. तुझा पत्ता न्हाई, मी म्हातारी कुठवर सांभाळू?"

फोन बंद झाल्यावरही तिने तो कानालाच धरला होता.

"नववीत असती ती," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, मला कोर्टानं सोडवलं. तिच्यासाठी कोण बोलंल?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ताटातला भात तसाच राहिला.

गावी पोचल्यावर तिने एकदाच फोन केला. लंगडत लंगडत लेकीच्या सासरी गेली होती. त्यांनी अंगणात बसवलं.

"लेक पाणी घेऊन आली, ताई. डोक्यावर पदर हुता. तांब्या ठिवला अन् आत गेली. बोलली न्हाई."