जातो म्हणू नये

कंपनीने अंबरनाथहून फ्रान्सला धाडलं, तेव्हा तिथे माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटीच राहायची. कामाला निघताना मी मोडक्या फ्रेंचमध्ये तिला 'येतो' म्हणायचो. ती बिचारी दार उघडं ठेवून, दुसरा कप मांडून संध्याकाळपर्यंत वाट बघायची. "सरळ 'जातो' म्हण ना," ऑफिसातले हसले. माझी जीभच रेटेना. शेवटी मी तिलाच समजावलं, की आमच्यात जातो म्हणत नाहीत, बायकाही 'येते' म्हणतात. माझी बाही धरून तिने तो मराठी शब्द घोटून घेतला. मी कायमचा निघालो, तेव्हा दारातून तीच म्हणाली, "येते."

परवा ती गेल्याचं कळलं. आज बदलापुरात दुपारच्या झोपेतून उठलो, तर बायको विचारत होती, "अहो, दार का उघडं टाकलंत? आणि हा दुसरा कप कोणासाठी मांडलात?"