चाकणच्या रस्त्यावर वाजत राहिलेला फोन

बाळांनो, धाकटीच्या वाढदिवशी काकाने तुमचा फोन उचलला नाही म्हणून तुम्ही सगळे रुसला आहात, तेव्हा हे आजच लिहिते. तो ट्रेलर चालवतो. चालवताना फोन हातात धरल्याबद्दल त्याला एकदा दंड झाला आहे. पुन्हा सापडला तर लायसन निलंबित होईल.

गेल्या महिन्यात तळेगावहून चाकणला जाताना मी त्याच्या केबिनमध्ये बसले होते. तासभर कोंडीत अडकलो. गाडी बाजूला घ्यायलाही जागा नव्हती आणि कंपनीच्या गेटवरून फोन सारखा वाजत होता. ड्रायव्हरने स्वतः फोनवर ‘पोहोचतोय’ म्हटलं नाही, तर गेटवरचे लोक माल उतरवायच्या रांगेतला त्याचा नंबर मागच्या गाडीला देतात. शेवटी मीच फोन घेतला.

“मी त्याची आई बोलते. आम्ही चौकाजवळ आहोत.”

“मावशी, आईलाच क्लीनर ठेवलं काय त्यानं? ड्रायव्हरला द्या!”

मी फोन त्याच्या कानाकडे नेला. तो दचकून मागे सरला. “आई, लांब धर! समोर पोलीस फोटो काढतोय.”

मी फोन बंद केला. नंबर गेला. मला रिक्षात बसवून तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेटबाहेर थांबून राहिला. लायसन अजून त्याच्याकडे आहे.