हात हुंगणारी मावशी

वॉर्डातल्या मावशीचं नाव मी कधी विचारलंच नाही. धुतलेले हात हुंगून ती साबणाची खात्री करी, मगच आत सोडी. माझ्या भावाच्या रक्तात इस्पितळातलाच जंतू शिरला होता. एक सोडून सारी औषधं त्याच्यापुढे हरली होती.

अशात आमच्या गावाहून, अणशीहून, जीपभर पाहुणे उतरले. पुढे गावचे प्रमुख, आमचे गावकार, हातात अंगाऱ्याची पुडी.

"हात धुवा, मामा."

"बाई, देवाचा अंगारा हाय ह्यो!"

"देव निर्मळ हाय वो. हात तुमचा न्हाई."

तिसऱ्या धुण्याला गावकार पास झाले. तेवढ्यात मोठे डॉक्टर तरातरा भावाच्या खाटेकडे निघाले. मावशी आडवी आली.

"मला ओळखत नाहीस?"

"मी वळखते. जंतू न्हाई वळखत."

डॉक्टर बेसिनकडे वळले. शेजारी उभे राहून गावकार दरडावत होते, "नखातबी घासा, डॉक्टर!"