धूम्रगडची विद्या

सुगंधाबाई रागावल्या की पदराचं टोक कमरेला खोचतात. मी नूर मोहम्मद, वडशाच्या नाटक कंपनीत ड्रेसवाला. त्यांचे शालू, मुकुट, गळ्यातल्या खोट्या माळा मीच सांभाळतो, म्हणून तो खोचलेला पदर मला लांबूनही ओळखू येतो. मांडवात कुणी दारुडा शिट्ट्या मारायला लागला की त्या चालू प्रवेशात पदर खोचतात आणि भूमिका न सोडता त्याला असं झापतात, की त्याला ते नाटकातलंच वाटतं. त्यांचा राग वाया जात नाही. फक्त एका गावात तो पुरला नाही, आणि त्या गावावरून आजही माझं डोकं फिरतं.

देवराव त्यांचा नवरा. नाटकं लिहितो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत सासू-सुना, दारू, भाऊबंदकी यांवर कंपन्यांचं पोट चालतं, देवरावचंही चालत होतं. पण त्याला खाज सुटली. कुणी पाहिलं नाही, ऐकलं नाही असं धूम्रगड नावाचं राज्य त्यानं डोक्यातून काढलं. तिथं जादू चालते. बरं, चालू दे! पण नुसत्या जादूवर याचं भागेना. जादूचं शास्त्र पाहिजे, शास्त्राचं विद्यापीठ पाहिजे, त्यात एकमेकांशी वाद घालणारे पंडित पाहिजेत. मी म्हटलं, "देवरावभाऊ, लोकायले गाणं पायजे, धडा कायले?" तर म्हणाला, "नियम नसला तं जादू म्हणजे नुसती लबाडी, नूर."

दुसऱ्या अंकात आचार्या मेघावती, म्हणजे सुगंधाबाई, शिष्यांना समोर बसवून हे शास्त्र सांगायच्या. विद्या काहीच निर्माण करत नाही, ती फक्त इकडचं तिकडे नेते. इथं घागर भरली, तर कुठंतरी तेवढीच विहीर उतरली. ही ओढ आधी जवळच्यावर पडते. आधी शेजारी, मग गाव, मग राज्य. इथून पुढे पंडितांचे दोन पक्ष. जाणपक्ष म्हणतो, मंत्र म्हटल्याशिवाय विद्या चालत नाही. अजाणपक्ष म्हणतो, विद्या माणसाच्या अंगात त्याच्या नकळतही असते. तो झोपलेला असतो आणि त्याचं अंग शेजाऱ्याचं ओढत असतं. मेघावती अजाणपक्षाची. बाई आवाज खाली आणून म्हणायच्या, "जिथं भर दिसेल तिथं विचारा, तूट कुणाची?" सगळा मांडव चिडीचूप व्हायचा. देवराव विंगेत उभा राहून स्वतःवरच खूश.

नाटक आरमोरी, कुरखेडा, गोंडपिपरी असं सगळीकडे गाजलं. पुसाच्या थंडीत एका सकाळी वडशातल्या माझ्या ड्रेसच्या दुकानात चैतू आला. कुरखेड्याच्या पुढे रानातल्या एका गावचा म्हातारा, गावच्या देवाचा पुजारी. बाई तेव्हा चोळीचं माप द्यायला आल्या होत्या, देवराव पेपर वाचत बसला होता. चैतूनं चहाला हात लावला नाही.

"बाई, तुमची विद्या आमच्या गावात आली," तो म्हणाला. "परत घेऊन जा."

मग त्यानं सांगितलं. गावात रोग येऊन शेळ्या मेल्या. सोनीबाई नावाच्या विधवेच्या तेवढ्या जगल्या, कारण तिनं त्या वेळीच रानात वेगळ्या नेऊन बांधल्या होत्या. तिची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, गावातल्याच डोमाच्या बांधीला लागून, आणि डोमाचा त्या बांधीवर कधीचा डोळा. त्यानं चावडीत उभं राहून सांगितलं, भर हिच्या घरी, तूट आमच्या घरी. सोनीबाई म्हणाली, "मले काहीच माईत नाई." तर डोमा म्हणाला, "हाच तो अजाणपक्ष!" झालं. आज दुपारी बैठक होती. तिला गावाबाहेर घालवायचं, बऱ्या बोलानं गेली नाही तर मारून.

"आमचे देव आमच्या आजापासूनचे," चैतू म्हणाला. "त्यायचा असा नियम नाई. हा तुमच्या मांडवातून आला. मीच त्यायले म्हटलं, थांबा, जिची विद्या आहे ते बाई येऊ द्या."

देवरावच्या चेहऱ्यावर काळजी आली. पण तिच्या आधी एक क्षण दुसरंच काही येऊन गेलं. खेड्यातल्या लोकांनी त्याचा अजाणपक्ष लक्षात ठेवला, याचं सुख. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"खूश होऊन राह्यला?" बाई म्हणाल्या. "लाज वाटू दे जराशी. ऊठ, ठाण्यात जा, पोलिसायले घेऊन ये. नूरभाऊ, गाडी काढा."

पदर खोचलेलाच होता.

आम्ही पोचलो तेव्हा मोहाच्या झाडाखाली गाव जमलं होतं. सोनीबाई एकटी एका बाजूला बसलेली, तिच्या आसपास रिकामी जमीन. काल-परवापर्यंत हिच्या हातचं पाणी प्यायलेली माणसं. डोमा हसत पुढे आला.

"बाई, मुकुट नाई आणला?"

"मुकुट पुठ्ठ्याचा आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "त्याच्यावर सोनेरी कागद या नूरभाऊनं लावला. धूम्रगड कुठीच नाई. माझ्या नवऱ्यानं टपरीवर बसून ते लिहिलं, मी पाठ केलं. शेळ्या रोगानं मेल्या. हिनं काही केलं नाई. जा घरी."

कुणी हललं नाही. मागून एक बाई कौतुकानं म्हणाली, "परीक्षा घेऊन राह्यल्या आपली." चार माणसं हसली. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. खोटं सांगितलं तर रात्रभर थंडीत बसून ऐकतात, आणि खरं सांगितलं तर हसतात!

मग बाईंचा आवाज खाली गेला. तो मेघावतीचा आवाज होता. मुकुट नाही, दिवे नाहीत, भर दुपार, तरी लोक सावरून बसले.

"ठीक आहे. शास्त्रानंच पाहू. डोमा, ओढ कोनावर पडते आधी?"

"शेजाऱ्यावर," डोमा तत्परतेनं म्हणाला.

"हिचा शेजारी कोन?"

"मी. म्हनूनच तं माझ्या शेळ्या..."

"अन् तुया शेजारी कोन? हे सोनीबाईच ना? तुया घरी मोठी भर कोनती झाली?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ट्रॅक्टर घेतला नं त्यानं."

"कवा?"

"सोनीबाईचा मालक गेला त्याच साली."

मी तुम्हाला सांगतो, त्या झाडाखालची हवा फिरलेली मला अंगावर जाणवली. डोमाचा चेहरा उतरला. "मले काय माईत! मी काईच नाई केलं," तो म्हणाला, आणि मघाशी कौतुकानं बोललेली तीच बाई ओरडली, "अजाणपक्ष!"

एकानं काठी उचलली. लोक उठले. डोमा मागे सरत सरत झाडाला टेकला आणि किंचाळला, "अरे, ते नाटक होय! देवरावनं लिहिलेलं नाटक होय ते! खोटं आहे सारं!"

बाई धावत जाऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. काठीवाल्याच्या हातातून त्यांनी काठी ओढून घेतली.

"आयकलं? आता तं तुमच्यातलाच सांगून राह्यला! डोमा, पुन्हा म्हन. तिच्याकडं पाहून म्हन."

"नाटक होय," डोमा म्हणाला. "सोनीबाईनं काही नाई केलं."

लोक पांगले. मला वाटलं, जिंकलो. बाई सोनीबाईजवळ गेल्या, तिचा हात धरायला वाकल्या. सोनीबाईनं हात मागे घेतला.

"मले वाचवलं, ठीक," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत भडका होता. "पन तुमी माझा मालक त्याच्या ट्रॅक्टरात मोजला. तो तापानं गेला, बाई. माझ्या मांडीवर गेला."

चैतूनं गाडीपर्यंत येऊन विचारलं, "विद्या सारी घेऊन चालल्या नं?" बाई गाडीत चढल्या.

देवराव पोलिसांना घेऊन आला, त्यांनी डोमाला ठाण्यात नेऊन बसवलं, दम दिला. पण गावाला कुठल्या ठाण्यात बसवणार? त्या आठवड्यात बाईंनी दुसरा अंक बंद केला. देवराव म्हणाला, लोक तोच पाहायला येतात. बाई म्हणाल्या, "मंग तूच लुगडं नेस अन् सांग." नाटक बंद पडलं ते पडलंच, देवराव महिनाभर फुगून राहिला. फुगू दे.

पावसाळ्यात चैतू पुन्हा आला. म्हणाला, तुमची विद्या थोडी राहिली आहे, डोमाच्या घरी. धान रोवण्याआधी चिखलणी करायचे दिवस, आणि डोमाचा ट्रॅक्टर कुणी बांधीत घालू देत नव्हतं. माणूस गिळलेला ट्रॅक्टर म्हणत होते त्याला. डोमाच्या पोरीचं जमलेलं लग्नही मोडलं.

"मरू दे तिकडं," मी म्हटलं. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही.

बाई गेल्या. मला शिव्या देत गाडी काढायला लावली, डोमाच्या अंगणात सगळ्या गावादेखत मांडी घालून बसल्या आणि त्याच्या घरचा भात जेवल्या. "पाहा, मेली का मी?" म्हणाल्या. कुंपणापाशी कुणीतरी कुजबुजलं, "बाईजवळ उतारा असन." बाईंनी ताट बाजूला सारलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागानं रडताना पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात सोनीबाई आली. चिखलानं माखलेली, थेट बांधीतून. अंगणात पाय ठेवला नाही. बाहेरूनच ओरडली, "डोमा, ट्रॅक्टर काढ! माझ्या बांधीत घाल!"

डोमा उठला आणि त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. तो तिच्या बांधीत उतरला तेव्हा गाव बांधावर येऊन उभं होतं. सोनीबाई फाळांच्या मागे मागे, अगदी जवळून, गुडघाभर चिखलात चालत होती. डोमाशी एक शब्द बोलली नाही.

ती बांधाशी आली तेव्हा सुगंधाबाईंनी विचारलं, "माफ केलं काय त्याले?"

"माफ कायचं?" सोनीबाई म्हणाली. "मरेपर्यंत नाई करणार. पन त्या ट्रॅक्टरात माझा मालक नाई, बाई. हे या लोकायले दिसू द्या."