बाबा फोन कट करतात

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत कोंडीराम वानखडे राहतात. मूळचे वाशीमकडचे. आयटीआय करून ऐन विशीत पुण्याला आले, दारूगोळा कारखान्यात लेथवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखान्यात त्यांची ओळख होती ती हाताची. केसाएवढाही फरक चालणार नाही असं काम आलं की फोरमन म्हणायचा, "वानखडेकडे द्या, त्याचा हात हलत नाही." माणसं मानपत्र जपून ठेवतात, कोंडीरामांनी हे एक वाक्य जपून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर 'आता गावी जाऊ' असं म्हणता म्हणता त्यांनी इथेच दोन खोल्या घेतल्या. ते आणि द्वारकाबाई, दोघंच. एकुलती एक मुलगी रुपाली वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. दिग्विजयशी लग्न झाल्यापासून ती तिकडेच असते. जावई तिथल्याच शेतकरी घरातला. बोलायला मोकळा आणि सासऱ्याशी अदबीने वागणारा.

हात कधी हलायला लागला ते कोंडीरामांना नक्की सांगता येत नाही. एकदा दाढी करताना साबणाचा फेस गालाऐवजी कानाला लागला, तेव्हा ते स्वतःशीच हसले होते. नंतर नंतर हसू येईना. हात मांडीवर ठेवला की अगदी शहाण्यासारखा गप्प. काही उचलायला गेलं की थरथर सुरू. चहा कपातून बशीत आणि बशीतून सदऱ्यावर सांडायचा. "कप फार भरते तू," ते एकदा बायकोवर डाफरले. दुसऱ्या दिवसापासून चहा मोठ्या स्टीलच्या पेल्यात येऊ लागला. पेला अर्धाच भरलेला असे आणि तो संपला की उरलेला अर्धा मागून येई. दोघांनीही त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

फोन रुपालीने घेऊन दिला होता. पडद्याच्या तळाशी तीन बटणं होती. त्रिकोण दाबला की मागे, गोल दाबला की मुखपृष्ठावर, चौकोन दाबला की उघडं ठेवलेलं सगळं समोर. यंत्राला तीन दांडे असतात तसं कोंडीरामांनी ते मनात बसवून घेतलं होतं. फोन त्यांचंच खातं होतं, कारण पडदा द्वारकाबाईंच्या बोटांना दादच देत नसे. जन्मभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून बोटांची टोकं इतकी कोरडी झाली होती की त्यांनी चारदा दाबलं तरी फोन ढिम्म राही. त्या नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून लेकीशी बोलत.

एक दिवस तो फोन पाण्याच्या बादलीत पडला. "निसटला," एवढंच कोंडीराम म्हणाले. रुपालीने नवा आणला. नव्या फोनला बटणंच नव्हती.

"आता असंच असतं बाबा. कडेवरून बोट आत सरकवलं की मागे. खालून वर सरकवलं की होम. दोन दिवसांत सवय होईल."

कोंडीरामांनी मान हलवली. फोन हातात धरला की अंगठा कडेवरच टेकतो आणि आपला अंगठा टेकला की स्वस्थ बसत नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण ते बोलले नाहीत.

त्याच वर्षी दसऱ्याला वाघोलीत जेवताना रुपालीने विषय काढला. "तुम्ही दोघं आता आमच्याकडेच या ना राहायला. एक खोली रिकामीच आहे." दिग्विजयही म्हणाला, "खरंच या, बाबा." कोंडीरामांच्या ताटात श्रीखंड होतं, चमचा नुकताच थरथरून गेला होता, कुणी पाहिलं की काय या धास्तीत ते होते. त्या धास्तीचा राग भलतीकडेच निघाला. "जावयाच्या दारात आयुष्य काढायची वेळ माझ्यावर आली नाही अजून." ताटावरचं बोलणं तिथेच थांबलं. दिग्विजय उठून पाण्याचा तांब्या आणायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपालीचा व्हिडिओ कॉल आला. कोंडीरामांनी हिरवी खूण वर सरकवली, तिचा चेहरा दिसला, "बाबा, काल..." एवढं ती म्हणाली आणि त्यांचा अंगठा कडेवर हलला. चेहरा एकदम लहान होऊन कोपऱ्यात गेला. त्याला परत आणायला म्हणून त्यांनी बोट नेलं, ते नेमकं लाल खुणेवर पडलं. फोन बंद. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर उचलतानाच बोट भलतीकडे गेलं.

आठवडाभर असंच चाललं. मग तिचा मेसेज आला. 'बाबा, राग गेला की तुम्हीच फोन करा. मी वाट बघते.'

कोंडीरामांनी तो कितीतरी वेळा वाचला. पोरीला वाटतंय बाप रागावलाय. सांगून टाकलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण त्यांच्या मनाने वेगळाच हिशेब केला. बाप रागीट आहे असं लेकीने म्हटलं तर चालेल. रागीट माणसाला लोक भितात. हात हलणाऱ्या माणसाची कीव करतात. राहू दे, रागच राहू दे.

"पोरीले सांगत काऊन नाही?" द्वारकाबाईंनी विचारलं. एवढी वर्षं पुण्यात काढली तरी दोघांची आपसातली बोली वऱ्हाडीच राहिली होती.

"काय सांगू?"

"जे हाय ते."

"काही नाही. तू तुझं काम कर."

द्वारकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. लेकीसाठी आवळ्याचा मुरांबा करून ठेवला होता. तो कधी न्यायला येशील, एवढं साधं विचारायचं होतं त्यांना. तेही राहून गेलं. फोन एकाचा कट होत होता, पण लेक दोघांची होती.

दिवाळी जवळ आली. एका रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. कोंडीरामांनी दार उघडलं तर समोर रुपाली. वाघोलीहून दोन बस बदलून आलेली, केस विस्कटलेले, चेहरा ताठ.

"आत येऊ का? की दारही कट करणार?"

कोंडीराम बाजूला झाले. बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून निघालं ते, "बसला गर्दी होती का?"

"होती," ती म्हणाली आणि पलंगावर बसली. वाटेत तिने पाठ केलेलं भांडण आणि पाठ केलेली माफी, दोन्ही तयार होती. आधी काय काढावं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. लेकीला काठोकाठ कप. नवऱ्याला मोठा पेला, अर्धा. कोंडीरामांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि ओठ पेल्याकडे नेले. तरी पेल्याचा काठ दातांवर किणकिणला.

रुपालीने चहाचा घोट घेतला. कप घेऊन उठली आणि आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला.

दाराच्या फटीतून पलंग दिसत होता. फोन वाजला तसे कोंडीराम दचकले. डाव्या हातात धरून उजवं बोट त्यांनी हिरव्या खुणेवर नेलं. बोट तिच्याभोवती घुटमळत राहिलं. कशीबशी खूण वर सरकली. रुपालीच्या हातातल्या फोनवर त्यांचा चेहरा आला, अगदी जवळ, जीभ दातांत धरलेली. मग चित्र हललं. पलीकडे ते फोनला म्हणत होते, "थांब. थांब ना गं. नको जाऊ." आवाज तिला दोन ठिकाणांहून आला, फोनमधून आणि दारातून. मग फोन बंद झाला. कोंडीराम रिकाम्या पडद्याकडे पाहत बसले.

"पाहिलं?" द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "तू फोन लावला की दरवेळी असंच होते. मले बोलू देत नाहीत."

रुपालीने मोरीत जाऊन तोंड धुतलं. पदराला तोंड पूस म्हणून आई मागे आली, तर तिच्या खांद्यावर डोकं टेकून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाहेर येऊन वडिलांच्या शेजारी बसली.

"बाबा, ह्या फोनचं काही खरं नाही. नवीन सगळे असलेच. माझाही मधेच बंद पडतो. दिग्विजयचासुद्धा."

कोंडीरामांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना ती अशीच भराभर बोलायची.

"फोनले काही झालं नाही, रुपा," ते म्हणाले. "हात हलतो माझा."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"हे पाह्य." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. "ठेवला की गप. अन् हा असा उचलला की..." हात थरथरू लागला. त्यांनी तो लपवला नाही. "लेथवर माझा हात हलत नव्हता, बेटा. तुले आठवत नसेल."

"आठवतं," रुपाली म्हणाली. "माझ्या पाटीवर तुम्ही पट्टीशिवाय रेघ मारायचात. सरळ."

रुपालीने त्यांचा हात धरला नाही. धरला असता तर त्यांनी तो सोडवून घेतला असता, हे तिला ठाऊक होतं. तिने उशी दोघांच्या मधे ठेवली, तिच्यावर फोन ठेवला आणि म्हणाली, "चला, सेटिंगमध्ये जाऊ. फोनलाच वळण लावू."

सगळ्यात आधी तिने कडेवरून सरकवायचं बंद केलं आणि तीन बटणं परत आणली. "अरे, आली की ही!" कोंडीराम पुढे सरकले. मग तिने बटणांचा क्रम बदलला. मागे जायचं बटण त्यांच्या डाव्या बोटाला सोपं पडेल अशा बाजूला आलं, कारण डावा हात उजव्यापेक्षा तरी कमी हलत होता. आवाज वाढवायचं बाजूचं बटण दाबलं की फोन उचलला जाईल आणि चालू-बंद करायच्या बटणाने ठेवला जाईल, अशी सोय फोनमध्येच होती. तीही तिने लावली.

"पण ती लाल खूण तर पडद्यावर राहीलच. अन् माझं बोट तिलेच शोधते."

"त्याचंही आहे." तिने आणखी आतलं एक पान उघडलं. बोट पडद्यावर किती वेळ टेकलं म्हणजे ते दाबलं असं समजायचं, ते तिथे ठरवता येत होतं. तिने वेळ वाढवली. कोंडीरामांनी बोट नेलं, ते थरथरत पडद्याला लागून गेलं आणि फोन जागचा हलला नाही. त्यांचे डोळे बारीक झाले. पुन्हा लावून पाहिलं. मग बोट मुद्दाम टेकवून धरलं, तरीही काही होईना.

"जास्त झालं. जरा मागे घे."

तिने मागे घेतलं. आता लागलं की लगेच उघडायला लागलं.

"आता कमी. अधलं ठेव. नाही, अजून थोडं. हां." ते चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर वाकले होते. कारखान्यात एखादा भाग बसवताना वाकायचे तसेच. "हे बरं हाय. बोट नुसतं लागलं तर मोजायचं नाही. थांबलं तर मोजायचं."

"अन् माझ्या बोटाचं?" द्वारकाबाई लाटणं हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

पडदा जास्त हळवा करायची एक खूण त्याच सेटिंगमध्ये सापडली. द्वारकाबाईंनी ओला हात पदराला पुसून गोल बटण दाबलं आणि पहिल्याच दाबण्यात पान पालटलं. त्यांनी दचकून बोट मागे घेतलं, मग आणखी दोनदा दाबून पाहिलं.

रुपाली पुन्हा स्वयंपाकघरात गेली. फोन वाजला. कोंडीरामांनी बाजूचं बटण दाबलं. तिचा चेहरा आला आणि राहिला. अंगठा हलत होता, कडेवर घासत होता, पण चेहरा जागेवरून गेला नाही. दोघांना एकदम लाज वाटल्यासारखं झालं. बोलायचं काय?

"जेवली का?" कोंडीरामांनी विचारलं.

"आई अजून पोळ्या लाटतेय. कुठून जेवू?"

"हाव, ते बी खरं." मग थोडं थांबून ते म्हणाले, "जावईबापूंना सांग. त्या दिवशी मी नको ते बोललो. चमचा हलला होता, त्याचा राग होता तो. त्यांच्यावर नव्हता."

"मी नाही सांगणार. फोन चालतोय ना आता? तुम्हीच सांगा."

जेवणं झाल्यावर त्यांनी खरोखर दिग्विजयला लावला. काय बोलणं झालं ते रुपालीने विचारलं नाही. ते गॅलरीत उभे राहून बोलत होते, पाठमोरे. शेवटी मोठ्याने हसल्याचं तेवढं आत ऐकू आलं. मुरांब्याची बरणी घेऊन ती संध्याकाळच्या बसने परत गेली.

पुढच्या आठवड्यात ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी थरथर पुष्कळांना असते. औषधाने कमी होते, पण पुरती जाईलच असं नाही. आजार जिवावरचा नव्हता. द्वारकाबाईंनी तिथल्या तिथेच सगळ्या देवांना हात जोडले. वाघोलीला राहायला जायचं मात्र अजून ठरलेलं नाही. महिन्यातून चार दिवस ते दोघं तिकडे जातात आणि पाचव्या दिवशी कोंडीरामांना खडकी आठवते.

औषधाने फरक पडला. पुढच्या पावसाळ्यात तर ते गाल न कापता दाढीसुद्धा करू लागले. मग थंडी सुरू झाली तशी थरथर पुन्हा थोडी वाढली. एका दुपारी रुपाली दोन तासांच्या मधे स्टाफरूममध्ये डबा उघडत होती, तेव्हा फोन आला.

"रुपा, हात वाढला पुन्हा," कोंडीराम म्हणाले. आवाज अगदी साधा होता, भाजी महागली असं सांगावं तसा. "ते बोट थांबायचं जरा लांबवावं लागते. कुठं होतं ते?"

तिने डबा बाजूला ठेवला आणि कुठे जायचं, काय दाबायचं ते एकेक करून सांगितलं. पलीकडे ते प्रत्येक शब्द मोठ्याने वाचत होते, मधेच चुकत होते, मागे येऊन पुन्हा जात होते. फोन चालूच होता.

"झालं?"

"झालं. बसलं बरोबर." मग घाईने म्हणाले, "थांब, ठेवू नको. तुझ्या आईले काही बोलायचं हाय."