बद्द वाजणारी संख्या

आमचे तात्या, म्हणजे माझे सासरे, फौजेत हवालदार होते आणि घरात अजूनही हवालदारच आहेत. मला पुण्यात गणिताच्या संशोधनासाठी दोन वर्षांची जागा मिळाली, तेव्हा नवरा बाहेरगावच्या ड्यूटीवरून फोनवर म्हणाला, "खुशाल जा, पण तात्यांना पटव." सासूबाई नाहीत. म्हणजे मी गेले की सहा वर्षांची लेक इथं वडूजला तात्यांच्या भरवशावर. ते नको म्हणाले की माझं पुणं संपलं.

तात्यांनी अट घातली. "तितं जाऊन काय करणार, ते मला कळंल असं सांग. कळलं तर जा."

अहो, मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता! मी कागद घेऊन बसले. "तात्या, दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे बाराशे सत्त्याहत्तर दोन मांडायचे. गुणाकारातून एक वजा करायचा. तीनशे पंच्याऐंशी अंकी संख्या येते. आणि ती फुटते! पंधरा कशी तीन आणि पाचात फुटते, तशी."

"बरं. मग हिचं तीन-पाच कंचं?"

"ते अजून जगात कुणालाच माहीत नाही."

तात्यांनी चष्मा काढला. "एकबी तुकडा घावला न्हाई आन फुटती म्हणतीस? आगं, कुणाला येड्यात काढतीस?"

मी कसोटी सांगितली. एक ठरलेली आकडेमोड करायची. संख्या न फुटणारी असती तर शेवटी बाकी शून्य आली असती. इथं येत नाही! सांगता सांगता मी उठून उभीच राहिले, हातवारे काय, आवाज काय. तात्या म्हणाले, "चा टाक."

मी इतकी चिडले की त्या चहात साखरच घातली नाही. मुद्दाम. त्यांनी तो निमूट पिऊन टाकला.

पुढच्या आठवडा बाजारात आम्ही दोघं माठ घ्यायला गेलो. तात्यांनी एक माठ बोटाच्या पेरानं वाजवला. खणखणीत. दुसरा वाजवला. बद्द.

"ह्यो नगं. गेलाय ह्यो."

कुंभारीण भडकली. "कुटं गेलाय? चीर दावा की!"

तात्यांनी माठ फिरवून बघितला, उन्हाकडं धरला, आत हात घालून चाचपला. चीर काही सापडेना. "चीर घावंना, पर हाय. चांगला आसता तर खणखणीत वाजला आसता."

"तात्या!" मी भर बाजारात किंचाळले. "हेच! अहो, हेच तर मी सांगत होते! माझी कसोटी म्हणजे ही टिचकी. बाकी शून्य म्हणजे खणखणीत. माझी संख्या बद्द वाजते, तात्या! अशा संख्यांची चीर शोधायची नवी रीत काढायला मला पुण्याला जायचंय!"

चार लोक थांबून बघायला लागले. कुंभारणीनं आपला माठ हळूच मागं ओढून घेतला.

तात्यांनी खणखणीत माठाचे पैसे मोजून दिले. मग म्हणाले, "दोन वर्सांत घावंल व्हय ती चीर?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण नाही जमलं. "सांगता येत नाही. कदाचित माझ्या जन्मातही नाही सापडणार."

त्यांनी खणखणीत वाजलेला माठ खांद्यावर घेतला आणि चालू लागले. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत मागं. कशाला खरं बोलले मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. बाहेरून हाक आली. तात्या ओट्यावर बसलेले, पुढ्यात लेक, एका हातात फणी, दुसऱ्या हातात लाल रिबीन, आणि पोरीच्या डोक्यावर नुसता गुंता.

"हितं बस जरा," तात्या म्हणाले. "ह्या रिबिनीची गाठ सारकी सुटतीया. पुन्याला जायच्या आदी तेवढी नीट शिकव."